बहिणीचं लग्न, 14 लाखांचं बजेट आणि प्लॅनरचं 13 लाखांचं कोटेशन. कुठे हात आखडता घ्यावा?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. डिसेंबरमध्ये, मार्गशीर्षातला शुक्रवार, दुपारी 12.37 चा मुहूर्त. कराडजवळच्या एका कार्यालयात. हळद आदल्या दिवशी संध्याकाळी तिथेच. आम्ही मूळचे कराड तालुक्यातल्या एका गावचे. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, मी चाकणला कंपनीत असतो.

आमच्या भावकीत आजवर कुणी प्लॅनर लावलेला नाही. चुलत्यांच्या, आत्यांच्या लग्नात गावातली पोरंच मांडवापासून वाढपापर्यंत सगळं करायची. आता ती पोरं माझ्यासारखीच पुण्या-मुंबईत. ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी येणार आणि दुसऱ्या दिवशी जाणार. वडिलांचं वय 63, आईचे गुडघे दुखतात. त्या दोघांनी त्या दिवशी मांडवात बसून लग्न बघावं, केटररच्या मागे धावू नये, एवढीच माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून मी प्लॅनरकडे गेलो. वडिलांना ते फारसं पटलेलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही.

पैशाचं असं आहे: वडिलांच्या निवृत्तीच्या ठेवीतले साडेसात लाख, माझे चार लाख, आणि यंदाचं ऊसबिल साधारण अडीच लाख. एकूण 14. दागिने आधीच झालेत, ते यात धरलेले नाहीत. बस्त्याला दोन लाख आणि पत्रिका, गुरुजी, मानपान, गावातून दोन बस याला एक लाख मी बाजूला धरलेत.

प्लॅनरचं कोटेशन असं आलंय:

कार्यालय दोन दिवस 1,40,000 (टॅक्स धरून)
लग्नाचं जेवण 800 ताटं, 320 प्रमाणे 2,56,000
हळदीचं जेवण (मटण) 250 ताटं, 420 प्रमाणे 1,05,000
नाष्टा-चहा 300 जणांचा, 90 प्रमाणे 27,000
डेकोरेशन 2,25,000
फोटो-व्हिडिओ 1,20,000
साउंड आणि एलईडी स्क्रीन 85,000
वरात (बँड, घोडी) 70,000
फेटे 100, 150 प्रमाणे 15,000
नवरीची एंट्री, कोल्ड फायर (ठिणग्यांची कारंजी) वगैरे 40,000
म्युझिक लायसन्स 35,000
इतर 60,000

बेरीज 11,78,000. त्यावर त्याची फी 10 टक्के म्हणजे 1,17,800. एकूण 12,95,800. शेवटी एक ओळ, ‘बिल हवं असल्यास 18 टक्के जीएसटी वेगळा’. माझे बाजूला ठेवलेले तीन लाख मिळवले तर टॅक्सआधीच सोळाच्या घरात जातंय.

माणूस बोलायला चांगला आहे, त्याने केलेलं एक लग्न मी पाहिलंय, नीट होतं. मला कर्ज काढायचं नाही आणि वडिलांच्या ठेवीतले आणखी पैसेही मोडायचे नाहीत, कारण तेच त्यांचं म्हातारपण आहे. यातलं काय कमी करावं? प्लॅनर ठेवावा की नको? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. बहिणीचा स्वतःचा एकच आग्रह आहे, फोटो चांगले हवेत.

सह्याद्री_77

प्लॅनर काढून टाका. सव्वा लाखात गावातल्या दहा जणांना कामाला लावून वर त्यांना कपडे करता येतील.

कार्यालयवाल्या काकू

कृष्णाकाठचा, तुझं कोटेशन मी वहीत उतरवून घेऊन वाचलं. सांगली बाजूच्या एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात मी बरीच वर्षं बुकिंग आणि हिशेब पाहिले. लग्न संपल्यावर रात्री टेबलापलीकडे मुलीचा बाप आणि केटरर समोरासमोर बसायचे ते मी पाहिलंय. म्हणून जरा लांबण लागलं तरी लिहिते.

पहिलं ताटांचं. 800 हा आकडा कुणी दिला? तुझ्या वडिलांनी अंदाजे सांगितला असेल किंवा प्लॅनरने गावाकडचं लग्न म्हणून धरला असेल. तुझ्या कोटेशनमधला सगळ्यात कच्चा आकडा हाच आहे आणि जेवण, नाष्टा, खुर्च्या, पाणी, वाढपी, अगदी स्टेजसमोरचा मांडव किती मोठा घालायचा, हे सगळं त्याच्यावरच उभं आहे. आधी तो पक्का कर. वडिलांना आणि चुलत्यांना एका दुपारी बसव आणि पत्रिका कुणाकुणाला जाणार ती यादी काढ. प्रत्येक नावापुढे लिही, आमंत्रण चूलबंद की घरटी एक. चूलबंद म्हणजे ते घर जेवायलाच येणार, पोराबाळांसकट. तिथे घरात माणसं किती ते मोजून लिही. घरटी एक असेल तिथे दीड धर, कारण कुणी जोडीने येतं, कुणी येतच नाही. वडिलांचे कारखान्यातले सहकारी, तुझ्या कंपनीतली पुण्याची मुलं, यांचं वेगळं पान कर. पुण्याची मुलं शुक्रवारी दुपारी सगळी येत नाहीत, चौघांची एक गाडी येते. मुलाकडच्यांना त्यांचा आकडा लेखी विचार, त्यात संकोच करू नकोस.

या रीतीने यादी झाली की बहुतेक वेळा आकडा घरच्यांच्या अंदाजापेक्षा खाली येतो. क्वचित वर जातो, पण मग ते आत्ताच कळलेलं बरं.

मग केटररशी बोलणं कर ते ‘गॅरंटी’वर. समज यादी 620 ची झाली. तर गॅरंटी 550 ची द्यायची, स्वयंपाक 650 पर्यंत पुरेल असा सांगायचा, आणि 550 च्या वर जितकी ताटं लागतील तितक्यांचे पैसे. 800 ची गॅरंटी दिलीस आणि 600 जेवले तर दोनशे ताटांचे 64,000 रुपये तू न जेवलेल्यांचे देणार. हे कागदावर हवं.

आणि ताटं मोजायला घरचा एक शांत डोक्याचा माणूस हवा. मेहुणा, मामा, कुणीही, पण ज्याला मांडवात दुसरं काम नाही असा. केटररचा माणूस सकाळी क्रेटमधून ताटं काढून रांगेच्या तोंडाशी रचतो, तेव्हाच त्याच्याबरोबर उभं राहून शंभर-शंभरच्या थप्प्या मोजायच्या आणि दोघांनी एकाच कागदावर सही करायची. गोंधळ पुढे होतो. गर्दी वाढली की मागे धुतलेली ताटं ओली असतानाच परत पुढच्या थप्पीत येतात, आणि संध्याकाळी हिशेब होतो तो ‘इतक्या वेळा ताट उचललं’ असा. कुणी वाईट हेतूने करतंच असं नाही, घाईत होतं. म्हणून आधीच ठरवायचं की धुतलेली ताटं वेगळ्या टेबलावर येतील आणि तिथून पुढे जाताना परत मोजली जातील. लहान मुलाने खेळत उचललेलं ताट, कुणी हात पुसायला घेतलेलं ताट, यावर वाद घालत बसू नये. पण शे-दीडशेचा फरक पडतो तो त्या धुण्याच्या जागेवर पडतो.

बँडवाले, फोटोवाले, डेकोरेशनची पोरं, बसचे ड्रायव्हर, हेही जेवतात. जेवायलाच हवेत. त्यांची ताटं पूर्ण दराने धरायची की निम्म्या, हे केटररला आधी विचार.

आता हळद. तुझं लग्न शुक्रवारी, म्हणजे हळद गुरुवारी. मार्गशीर्षातला गुरुवार! त्या दिवशी कितीतरी घरांत बायकांचे उपास असतात, घट मांडलेले असतात, आणि आपल्या भागात बरेचजण तो महिनाभर मटणाला हात लावत नाहीत. प्लॅनरने आपलं नेहमीचं छापील पान जोडलंय. तुझ्या आईला एकदा विचार, ती लगेच सांगेल. पिठलं, भाकरी, ठेचा, अख्खा मसूर, भात आणि एक गोड केलंस तर लोक आवडीने जेवतील. 420 चं ताट 220 वर येईल. उपासवाल्यांचा त्या दिवशी संध्याकाळी उपास सुटतो, म्हणून गोड पदार्थ नीट कर.

लग्नाच्या जेवणात त्याने चाट, पास्ता, चायनीज असले काउंटर घातलेत का ते बघ. तुमच्याकडची येणारी माणसं मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, पुरी, वांग्याची भाजी यावर खूश होणारी आहेत. जिलेबी गरम हवी, एवढं मात्र केटररला बजावून सांग.

टॅक्सची ती शेवटची ओळ मला खटकली. प्लॅनरने सगळं आपल्या एका बिलात घेतलं तर पूर्ण रकमेवर 18 टक्के लागतात. 12,95,800 वर ते 2,33,244 होतात. केटररने स्वतः थेट तुझ्या वडिलांच्या नावाने बिल केलं तर बाहेरच्या केटरिंगला 5 टक्के आहे. तुझ्या जेवणाची बेरीज 3,88,000 आहे, 5 टक्क्यांनी 19,400 आणि 18 टक्क्यांनी 69,840. फरक पन्नास हजारांचा. शिवाय त्याच जेवणावर प्लॅनरची 10 टक्के फी, ती 38,800. म्हणून केटरर, डेकोरेटर, फोटोवाला, कार्यालय यांचे पैसे तू थेट त्यांना दे आणि प्लॅनरला फक्त त्याच्या कामाचे दे. फेटेवाला किंवा छोटा फोटोग्राफर यांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्यांना जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर त्यांना टॅक्स लावताही येत नाही. कुणी लावला तर नंबर माग.

बिल टाळायला रोख दे असं कुणी म्हटलं तर एवढं लक्षात ठेव. एकाच समारंभासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने 2017 पासून मनाई आहे, हप्त्याहप्त्याने घेतले तरी. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो तेवढ्याच रकमेचा असू शकतो. आणि तुझ्या बाजूने पाहिलं तर रोख दिलेल्या पैशाची पावती नसते, रद्द करायची वेळ आली तर हातात काही राहत नाही.

म्युझिक लायसन्सचे 35,000 काढून टाक. कॉपीराइट कायद्यात लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये तसं जाहीर नोटिशीने पुन्हा स्पष्टही केलंय. त्याच्यासमोर हे शांतपणे ठेव. त्याला माहीत नसेल तर त्याचाही उपयोग होईल. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम मात्र हळदीला लागू आहेच. म्हणजे हळदीचा डीजे सात ते दहा इतकाच, त्याला रात्रभराचं भाडं कशाला?

‘इतर 60,000’ याचा अर्थ विचार. कार्यालयाच्या भाड्यात बहुतेक वेळा लाइट बिल धरलेलं नसतं, ते मीटरप्रमाणे वेगळं लावतात. ताबा घेताना मीटरचा फोटो काढ, सोडताना परत काढ. जनरेटर भाड्यात आहे पण डिझेल तुझं, असंही असतं. सफाई, गॅस, पाण्याचे जार, जास्तीच्या गाद्या. हे सगळं त्या साठ हजारांत येत असेल तर ठीक, पण तसं लिहून दे म्हणावं. नाहीतर साठ हजार जाऊन वर हे परत येईल.

शेवटचं, आणि मला वाटतं हे कुणी बोलणार नाही म्हणून बोलते. ऊसबिलाचे अडीच लाख तू बजेटमध्ये धरलेस, पण ऊस आडसाली (म्हणजे दीड वर्षाचा) आहे की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटलेला)? आडसाली असेल आणि कारखान्यातली नोंद लवकरची असेल तर तोड नोव्हेंबरात येऊ शकते. खोडवा असेल तर जानेवारीच्या पुढे. नियमाने ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे यायला हवेत, पण तोडच आली नाही तर चौदा दिवस कशापासून मोजणार? लग्न डिसेंबरात. केटरर आणि डेकोरेटर तर लग्नाच्या आतच पैसे मागणार. म्हणून ऊसबिल नाहीच असं समजून साडेअकरा लाखांत लग्न बसव. आलं तर वडिलांच्या ठेवीत परत टाक.

मांडव_ते_वरात

काकूंनी जवळजवळ सगळं सांगितलं. मी स्वतः हेच काम करतो, इस्लामपूर-सांगली पट्ट्यात, म्हणून फीबद्दल लिहितो.

टक्केवारीवर काम घेणारे वाईट असतात असं नाही, पण तुमचा खर्च वाढला की आमची फी वाढते. डेकोरेशन दोन लाखांवरून सव्वादोन झालं तर मला अडीच हजार जास्त मिळतात. अशा वेळी ‘साहेब, हे नको, कमीत करू’ असं मी का सुचवीन? म्हणून गावाकडच्या लग्नांत मी ठरावीक रक्कम घेतो. त्याला विचारा, फक्त देखरेखीचं काम करशील का? म्हणजे केटरर, डेकोरेटर तुम्ही ठरवायचे, त्याने दर तपासून द्यायचे, वेळापत्रक करायचं, आणि हळदीच्या दुपारपासून पाठवणीपर्यंत त्याची तीन-चार माणसं जागेवर हवीत. दोन दिवसांच्या अशा कामाला तुमच्या भागात चाळीस ते साठ हजार वाजवी आहेत.

दुसरा प्रश्न समोरासमोर विचारा की डेकोरेटर, केटरर यांच्याकडून तुला काही मिळतं का? बहुतेकांना मिळतं. त्यात लपवण्यासारखं काही नसावं, पण एकाच कामाचे दोन्हीकडून घेणं मला पटत नाही. तो म्हणाला मिळतं, तर ते दरातून वजा करून माग. चांगला माणूस असेल तर करेल.

डेकोरेशनमध्ये एक युक्ती आहे, ती प्लॅनरलाच जमते. सीझनमध्ये त्या कार्यालयात तुमच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी बहुतेक कुणाचं तरी लग्न असतं. डेकोरेटर एकच असेल तर स्टेजचा सांगाडा, कापड, लाइट तेच ठेवून फक्त फुलं आणि पाठीमागचा पडदा बदलता येतो. उभारणी आणि उतरवणी एकदाच, ट्रकचं भाडं एकदाच. दोन्ही घरांचे पैसे वाचतात. मात्र फुलांचा अंदाज आत्ताच घ्या. मार्गशीर्ष गुरुवारच्या पूजेमुळे बुधवार-गुरुवारी बाजारात फुलं तेजीत असतात, आणि तुमची फुलं नेमकी गुरुवारीच लागणार. स्टेजवर खरी फुलं फक्त नवरा-नवरीच्या मागे आणि अंतरपाटाच्या जागी ठेवा, बाकी कमानीला कृत्रिम चालतात. फोटोत फरक दिसत नाही.

एलईडी स्क्रीन 800 लोकांच्या हॉललाही खरं तर लागत नाही. मैदानावरच्या लग्नाला लागते. कोल्ड फायर तर काढाच. हॉलच्या छताला कापड असताना ते मी स्वतः लावू देत नाही.

पैसे देताना: बुकिंगला 25 टक्के, आठ दिवस आधी 50, आणि उरलेले 25 काम झाल्यावर. फुलांचे पैसे मात्र डेकोरेटर आदल्या दिवशी मागेल, कारण त्याला बाजारात रोख द्यावे लागतात. तिथे अडून बसू नका.

सह्याद्री_77, दहा पोरं कपड्यांवर कामाला लागायची तो काळ मीही पाहिलाय. आज ती दहा पोरं गावात आहेत का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारलाय.

विट्याचे अण्णा

दोन मुलींची लग्नं केली. मला एकच सांगायचं आहे. बाळ, तुमच्या याद्या झाल्या का?

आपल्याकडे याद्या करतात त्या उगाच नाहीत. दोन्हीकडची चार जाणती माणसं बसतात, कागदावर लिहितात, हा खर्च मुलीकडं, हा मुलाकडं, हा निम्मा-निम्मा. वरात, घोडी, बँड हे आमच्याकडं कायम मुलाकडच्यांचं. तुझ्या यादीत सत्तर हजार वरातीचे काय करताहेत? प्लॅनरला कुणी सांगितलंच नसणार, म्हणून त्यानं सगळं एका घरावर टाकलं. फोटोवाला दोन्हीकडचे फोटो काढणार असेल तर त्याचे पैसेही वाटून घ्यायची रीत आहे. मुलाकडच्यांचे किती फेटे, त्यांच्या मानाच्या माणसांना काय, हेही तिथंच लिहून घे.

मुलीची बाजू म्हणून बोलायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. मलाही वाटायचा. पण याद्यांच्या बैठकीत बोललेलं कुणाला लागत नाही, तिथं बोलायचंच असतं. मांडवात काढलेला विषय मात्र पोरीला सासरी जन्मभर ऐकावा लागतो. अजून याद्या झाल्या नसतील तर त्या झाल्याशिवाय प्लॅनरला विसार देऊ नकोस. झाल्या असतील तर त्या कागदाची एक प्रत त्याच्या हातात दे आणि म्हण, आमच्या बाजूचा तेवढाच हिशेब कर.

आणि फेटे शंभर कशाला? मानकरी, भावकीतले वडीलधारे, मामा, दोन्ही बाजूंचे करवले. पन्नास-साठांत होतात. फेटा बांधणारा माणूस सकाळी लवकर येऊ दे, नाहीतर अक्षतांच्या वेळेला निम्मी माणसं अर्धवट फेट्यात उभी असतात.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. काकू, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वडील, दोन्ही चुलते आणि मी बसलो आणि चूलबंद, घरटी एक असं सगळं लिहून काढलं. मुलाकडचे दीडशे धरून 620 झाले. वडील स्वतःच म्हणाले, मी उगाच आठशे म्हणालो होतो. त्यांना ते बसून नावं काढणं फार आवडलं. कुणाचं नाव राहिलं तर चुलते आठवण करून देत होते, दोन घरांशी जुना अबोला होता तिथेही वडिलांनी चूलबंद लिहायला लावलं.

हळदीचा गुरुवार आईच्या आधीच लक्षात आला होता, तिला वाटलं मी प्लॅनरला सांगितलंय. आता पिठलं-भाकरीच. ऊस खोडवा आहे, त्यामुळे ते अडीच लाख मी धरलेच नाहीत.

याद्या झालेल्या नव्हत्या. रविवारी आहेत. मुलाच्या वडिलांना मी फोनवर वरातीचं विचारलं तर ते म्हणाले, ‘अहो, ती आमचीच.’ फोटोवाला 90,000 मध्ये तयार आहे, ड्रोन सोडून. बहिणीने त्याचं काम पाहिलं, तिला आवडलं. तो एकाच बाजूने द्यायचा की वाटून, ते रविवारी ठरेल, मी सध्या पूर्ण आमच्याकडे धरलाय.

प्लॅनरशी बोललो. टक्केवारी सोडायला आधी तयार नव्हता, मग 45,000 ठरावीक अधिक टॅक्स यावर आला. म्युझिक लायसन्सची ओळ त्याने स्वतःच काढली. डेकोरेटरकडून काही मिळतं का विचारल्यावर थोडा थांबला आणि हो म्हणाला. त्यानंतर डेकोरेशनचा दर 1,40,000 झाला, त्यात शनिवारच्या लग्नाबरोबर सांगाडा वाटून घेणंही आहे. त्याने खरं सांगितलं म्हणून मी त्यालाच ठेवतोय.

आताचा हिशेब: कार्यालय 1,40,000. जेवण 620 ताटं 320 ने 1,98,400, हळद 180 ताटं 220 ने 39,600, नाष्टा 250 जणांचा 22,500, म्हणजे खाण्याचे 2,60,500. डेकोरेशन 1,40,000, फोटो 90,000, साउंड 35,000, फेटे साठ 9,000, प्लॅनर 45,000. लाइट, डिझेल, जार यांसकट राखीव 50,000. बेरीज 7,69,500. टॅक्स: जेवणावर 13,025, डेकोरेशनवर 25,200, प्लॅनरवर 8,100. सगळे मिळून 8,15,825. बस्ता आणि बाकीचे तीन लाख धरले तर 11,15,825.

एकच प्रश्न राहिला. केटरर म्हणतो 550 ची गॅरंटी चालेल, पण त्याला आत्ताच 50 टक्के हवेत, लग्नाला अजून तीन महिने आहेत. द्यावेत का?

कार्यालयवाल्या काकू

आत्ता 50 नको. बुकिंगला 20-25 टक्के बँकेतून ट्रान्सफर कर, पावतीवर तारीख, दोन्ही जेवणांचा मेनू, दर आणि गॅरंटी लिहून घे. बाकीचे किराणा भरायच्या वेळी, म्हणजे आठ दिवस आधी दे. तो अडलाच तर 30 पर्यंत जा, आणि शेवटचे 15 टक्के ताटांचा कागद जुळल्यावर द्यायचे हे मात्र सोडू नकोस. त्याचा फूड लायसन्सचा नंबर पावतीवर आहे का तेवढं बघ.

आणि ताटं मोजायला कोण बसणार त्याचं नाव आत्ताच ठरव.

कृष्णाकाठचा

धाकटे मामा. ते पोस्टात काउंटरवर होते, शंभराची गड्डी त्यांच्या हातून चुकत नाही. केटररला उद्याच 25 टक्क्यांचं सांगतो.